पांढरी दोन, काळी दोन

भंडाऱ्यात आमचा चौघांचा जॅझ ऐकण्याचा कट्टा आहे. एक मित्र भजनी मंडळात पेटी वाजवतो, दुसऱ्याचं पितळी भांड्यांचं दुकान आहे, तिसरे काका उमेदीच्या काळात लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे आणि चौथा मी. अल्बम सलग ऐकायचा, मध्ये बोलायचं नाही. संपल्यावर मात्र ज्याला जे वाटलं ते त्याने मोकळेपणी सांगायचं.

माइल्स डेव्हिसचा ‘काइंड ऑफ ब्लू’ ऐकला तेव्हा बोलणं रात्री उशिरापर्यंत संपलं नाही. १९५९ च्या मार्च-एप्रिलमध्ये न्यूयॉर्कला ध्वनिमुद्रित झालेला हा अल्बम. डेव्हिसने वादकांना स्वरांचे मोजके आराखडे दिले आणि बाकीचं त्यांच्यावर सोडलं. त्या वादकांत सॅक्सोफोनवर जॉन कोल्ट्रेन आणि कॅननबॉल ॲडर्ली, पियानोवर बिल एव्हन्स. ‘सो व्हॉट’ ही पहिली रचना. अल्बम संपताच पेटीवाल्या मित्राने ती परत लावायला सांगितली, पेटी पुढे ओढली, पांढरी दोनचा सा धरला आणि नुसत्या पांढऱ्या पट्ट्यांवर बोटं फिरवली. स्वर जुळले. ‘‘हा तं आपला काफी हाय!’’

त्याचं बरोबर होतं. ज्याला पाश्चात्त्य संगीतात डोरियन म्हणतात, त्याचे स्वर काफी थाटाचेच. पण चार-चार मात्रांची सोळा आवर्तनं झाली की ‘सो व्हॉट’चा सा उचलून काळी दोनवर जातो, आठ आवर्तनं तिथे राहतो आणि शेवटच्या आठांसाठी पुन्हा पांढरी दोनवर येतो. आपल्याकडे तंबोरा एकदा लागला की मैफल संपेपर्यंत सा जागचा हलत नाही. पेटीवाल्याला हा सरकणारा सा रुचला नाही. भरल्या पंगतीत पाट ओढून घेतल्यासारखं वाटतं, असं तो म्हणाला. मला नेमकी तीच जागा सर्वांत प्रिय आहे. या मुद्द्यावर आमचं अजूनही जमत नाही.

काकांचा जीव जडला तो ड्यूक एलिंग्टनवर. एलिंग्टनचा वाद्यवृंद १९६३ मध्ये भारतात येऊन गेला. त्या दौऱ्याच्या आठवणींतून एलिंग्टन आणि बिली स्ट्रेहॉर्न यांनी ‘फार ईस्ट स्वीट’ रचला. त्यातल्या ‘ब्लूबर्ड ऑफ दिल्ली’मध्ये जिमी हॅमिल्टनचं क्लॅरिनेट मैनेसारखं बोलतं. काका ऐकता ऐकता हवेतच बोटं चालवत होते. ‘‘बाप्पा! मैना बोलून रायली ना!’’ वरातीत क्लॅरिनेट वाजवून फुप्फुसं झिजवलेल्या माणसाची ही दाद मला कुठल्याही समीक्षेपेक्षा मोलाची वाटते.

भांड्यांच्या दुकानदाराला आधी कुतूहल होतं ते धातूचं. भंडारा पितळेसाठी नावाजलेला, सॅक्सोफोनही पितळेचाच. तरी त्याची गणना लाकडी सुषिर वाद्यांत होते, कारण त्याचा आवाज निघतो तो वेताच्या पत्तीतून. ॲडॉल्फ सॅक्सने १८४६ मध्ये त्याचं पेटंट घेतलं.

आम्हा चौघांचं एकमत झालं ते मात्र आपल्याकडच्या अल्बमवर: शंकर-जयकिशन यांचा ‘रागा जॅझ स्टाइल’, १९६८. तोडीपासून भैरवीपर्यंत अकरा राग. सतारीवर रईस खान, सॅक्सोफोनवर मनोहारी सिंग, ट्रंपेटवर जॉन परेरा, ड्रमवर लेस्ली गोदिन्हो. हिंदी सिनेमाच्या गाण्यांमागे वर्षानुवर्षं वाजवूनही ज्यांची नावं पडद्यावर क्वचितच आली, असे हे वादक. मुंबईच्या हॉटेलांत जॅझ वाजवून सिनेमाकडे वळलेल्या गोव्याच्या वादकांची मोठी परंपरा त्यांच्या मागे उभी आहे. आल्दोनाचा ट्रंपेटवादक चिक चॉकलेट हा त्यांतलाच, सी. रामचंद्रांच्या चालींतल्या नाचऱ्या लयीत त्याचा मोठा वाटा आहे.

ज्यांना जॅझ परका वाटतो त्यांनी ‘रागा जॅझ स्टाइल’पासूनच सुरुवात करावी. आणि ऐकण्याआधी वादकांची नावं शोधून वाचावीत.