टीव्हीसमोरचा उन्हाळा
अमळनेर, २ ऑगस्ट २०२४

वैशाखात बोरीच्या पात्रात सखाराम महाराजांची यात्रा भरली, तेव्हा आयपीएल शेवटच्या टप्प्यात होतं. जूनअखेर बार्बाडोसला टी-२० विश्वचषकाचा अंतिम सामना: सूर्यकुमारने सीमारेषेवर चेंडू आत उडवला, स्वतः बाहेर गेला, परत येऊन झेल पूर्ण केला. रात्री अख्खी गल्ली फटाक्यांनी दणाणली.

पण ऊर भरून आला तो काल दुपारी. कांबळवाडीचा नेमबाज स्वप्नील कुसाळे, रेल्वेतला तिकीट तपासनीस. आधी मागे होता, उभ्याने नेम धरायची वेळ आली तसा वर सरकला. पॅरिसमध्ये कांस्य! कुस्तीगीर खाशाबा जाधवांच्या १९५२ च्या पदकानंतर महाराष्ट्राचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. गल्लीत मात्र एक लवंगी वाजली नाही, हे मला लागलं.

सोमवारी रात्री बीडचा अविनाश साबळे स्टीपलचेस धावणार आहे. पोरांना जागं ठेवा.