उंदरानं नेलेली वात

जानेवारी लागला की आमच्या शाळेत सावित्रीबाई येतात आणि फेब्रुवारीत शिवाजी महाराज. ३ जानेवारीला सेफ्टी पिनांनी तोलून धरलेल्या नऊवाऱ्या आणि कपाळावर आडव्या चिऱ्या; १९ फेब्रुवारीला फेटे, पुठ्ठ्याच्या तलवारी, काजळानं काढलेल्या मिशा. मग भाषणं. ‘अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग’ इथून जी गाडी सुटते ती ‘एवढे बोलून मी माझे दोन शब्द संपवते’ या स्टेशनावरच थांबते. आईबापांनी मोबाइलवरून उतरवून दिलेलं एकच भाषण तीन मुली एकापाठोपाठ एक म्हणतात आणि तिघींनाही टाळ्या पडतात. मला यात हसण्यासारखं काही वाटत नाही. चार लोकांपुढं उभं राहायची भीती इथंच मोडते. पण भाषण झाल्यावर त्या मुलीला विचारावं, ‘थोर समाजसुधारक म्हणजे गं काय?’ तर ती आईकडं बघते.

आमची जिल्हा परिषदेची शाळा जुन्नर तालुक्यात. आभाळ निवळलेलं असलं की पटांगणातून शिवनेरी दिसतो. चौथीला परिसर अभ्यासाचा दुसरा भाग म्हणजे ‘शिवछत्रपती’. मी अफजलखानाचं नाव काढायचा अवकाश, वाघनखं बाहेर येतात. शाहिस्तेखानाची बोटं, आग्र्याचे पेटारे, सगळं तोंडपाठ. घरी आजोबांनी सांगितलेलं असतं, नाटकात पाहिलेलं असतं, मिरवणुकीत ऐकलेलं असतं. पोरं रंगतात, मीही रंगते. आणि धडा संपल्यावर ‘काही विचारायचंय का?’ म्हटलं की वर्ग गप्प. सगळंच ठाऊक असेल तर विचारणार काय?

म्हणून मी वर्गात महाराजांचं एक पत्र नेते. चिपळूणजवळच्या लष्करी छावणीतल्या जुमलेदार, हवालदार, कारकुनांना लिहिलेलं. मूळ भाषा चौथीला झेपणारी नाही, म्हणून मी ते आपल्या बोलीत सांगते. पावसाळा तोंडावर आहे. घोड्यांसाठी दाणा आणि वैरण साठवलीय ती पावसाळाभर पुरवायची आहे. आत्ताच मनाला येईल तशी उधळलीत तर ऐन पावसात घोडी उपाशी मरतील, आणि ती तुम्हीच मारल्यासारखं होईल. मग तुम्ही गावात जाल, कुणाचं धान्य आणाल, कुणाची भाजी ओढाल. रयत म्हणेल, यांच्यापेक्षा मोगल बरे. आणि एक सांगणं: गवताच्या गंजींजवळ कुणी चूल मांडू नका, तंबाखू ओढायला विस्तव नेऊ नका. रात्री दिवा तेवत ठेवून झोपू नका, कारण उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि सगळं गवत जळून जाईल.

‘उंदीर?’ वर्गात कुणीतरी ओरडतंच. महाराजांना उंदराचं कसं काय सुचलं? मग हात वर होतात. आमच्या गोठ्यात असंच झालं होतं, बाई. आमच्या कडब्याच्या गंजीला आग लागली तेव्हा तालुक्याहून बंब आला होता. महाराजांकडं बंब होता का? घोडा दिवसाला किती वैरण खातो? उंदीर खरंच वात नेतो का, की फक्त तेल चाटतो? या शेवटच्या प्रश्नावर एकदा वर्गात दोन तट पडले होते. गवत, घोडी, गोठा ही त्यांच्या घरची भाषा. एवढ्या मोठ्या राजाला आपल्या आजीसारखीच ‘दिवा मालवला का रे?’ ही काळजी होती, याचं त्यांना आधी नवल वाटतं आणि मग राजा एकदम ओळखीचा होतो.

ओळखीचा झाला म्हणजे लहान झाला, असं काही पालकांना वाटतं. पुरंदरच्या तहाच्या वेळी हे हटकून जाणवतं. १६६५ साली महाराजांनी २३ किल्ले मोगलांना दिले आणि स्वतःकडं १२ ठेवले. पुस्तकात ते आहे, पण बरेच शिक्षक तिथून लवकर पुढं सरकतात. मी सरकत नाही. फळ्यावर पस्तीस चौकोन काढते आणि तेवीस पुसते. पोरांचे चेहरे पडतात. मग ती विचारतात, सही करताना महाराजांना कसं वाटलं असेल? ते मला ठाऊक नाही, आणि तसं मी सांगते. पण पाच वर्षांनी, १६७० मध्ये, त्यांनी किल्ले परत घ्यायला सुरुवात केली, हे सांगितल्यावर पोरं स्वतःच उठून फळ्यावर चौकोन भरायला लागतात. नुसती विजयांची यादी वाचली असती तर कुणी खडू मागितला नसता.

सावित्रीबाईंच्या बाबतीत अडचण वेगळी आहे. त्यांच्या वाट्याला आमच्या नाटुकल्यांत एकच प्रसंग येतो: शाळेला निघालेल्या बाई आणि शेण मारणारे लोक. गंमत अशी की शेण मारणाऱ्यांत नंबर लावायला सगळा वर्ग तयार असतो. कागदाचे बोळे करून फेकायचे, कोण सोडेल? सावित्रीबाई व्हायला मात्र एखादीला गळ घालावी लागते. एका वर्षी तालमीत एका मुलीनं मध्येच थांबून विचारलं, ‘त्या दुसरं लुगडं घेऊन जायच्या, ते बदलायच्या कुठं?’ वर्ग हसला. पण त्या प्रश्नात पुण्यातली १८४८ सालची शाळा आहे, सतरा वर्षांची शिक्षिका आहे, आडोसा शोधणं आहे, आणि उशीर झाला तरी तास घेणं आहे.

त्या शाळांत शिकणारं कोण होतं, हेही सांगायला हवं. मुक्ता साळवे ही फुल्यांच्या शाळेतली विद्यार्थिनी. तिनं मांग-महारांच्या दुःखांवर लिहिलेला निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. ‘शाळेतल्या मुलीचा निबंध छापला?’ हे पोरांना शेणाच्या गोळ्यापेक्षा जास्त लागतं. त्यानंतर आठवडाभर वहीतलं अक्षर बरं येतं. पुढं पुन्हा जैसे थे.

आणि मग आमच्या तालुक्याचा मान: ओतूर. बाजाराला, कांद्याला, श्रावणात कपर्दिकेश्वराला ज्या ओतूरला पोरं जातात, तिथून सावित्रीबाईंनी २० एप्रिल १८७७ रोजी जोतीरावांना पत्र लिहिलं. दुष्काळ होता. माणसं गावं सोडून चालली होती, जनावरं माना टाकत होती. सावकार आणि गावकरी यांच्यात बखेडा झाला आणि मदतकार्यातल्या सत्यशोधकांनाच पोलिसांनी पकडलं. सावित्रीबाई कलेक्टरशी बोलल्या. माणसं सुटली, आणि कलेक्टरानं चार गाड्या ज्वारी पाठवली.

चार गाड्या! पोरांनी तिथंच पकडलं. गाडीत किती पोती मावतात? दुसऱ्या दिवशी एकजण आजोबांना विचारून आला: दहा. पोतं क्विंटलचं धरलं. किलोत दहा भाकऱ्या होतात, असं एकीच्या आईचं मत पडलं. म्हणजे चाळीस हजार भाकऱ्या. हजार माणसं, माणशी दिवसाला चार भाकऱ्या. दहा दिवस. हिशेब आमचा, पोती आणि माणसं आमच्या अंदाजाची. पण गाड्या खऱ्या होत्या. ‘दहाच?’ मागच्या बाकावरून आलं. ‘मग अकराव्या दिवशी?’ त्या दिवशी भूगोलाचा तास झालाच नाही.

यंदा केंद्राच्या वक्तृत्व स्पर्धेत आमच्या एका मुलीनं तोंडपाठ भाषण टाकून देऊन हा हिशेबच सांगायचं ठरवलं. मी तिला फक्त वेळेचं भान ठेव म्हटलं. ते काही तिनं ठेवलं नाही. भाकऱ्यांपाशी पोचली आणि घंटा वाजली. ‘थांबा, भागाकार राहिलाय,’ असं म्हणून तिनं तो पुरा केला. परीक्षक हसले, नंबर मात्र ‘थोर समाजसुधारक’वाल्या भाषणाला गेला, तेही बिनचूक झालं होतं. परतताना रिक्षात तिनं बक्षिसाचा विषय काढला नाही. तिचं वेगळंच चाललं होतं: ज्वारीऐवजी बाजरी असती, तर पीठ कमी लागलं असतं की जास्त?