टर्बोचा जोर आणि पाण्याचा काटा

बारामतीहून इंदापूरकडे निघालो, की काटेवाडी मागे पडते आणि दोन्ही अंगांनी ऊस रस्त्याकडे वाकू लागतो. नीरा डाव्या कालव्याची ही कृपा! गेल्या हंगामात एस. टी. चुकली म्हणून मी एका जुन्या विद्यार्थ्याच्या ट्रॅक्टरवर बसलो. मागे उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या. मराठीत जेमतेम पास झालेला हा गृहस्थ यंत्राची भाषा मात्र अस्खलित बोलतो.

“सर, टर्बो बसवलाय. पंपही वाढवलाय. कसला चढ अन् काय!”

टर्बो म्हणजे एंजिनाच्या धुराच्या झोताने फिरणारा पंखा. तो हवा दाबून आत कोंबतो. जास्त हवेत जास्त डिझेल जळते, जोर वाढतो. पण जळणाच्या उष्णतेचा साधारण तिसरा हिस्साच कामी येतो. उरलेली धुरातून आणि पाण्यातून बाहेर पडावी लागते. शिवाय दाबलेली हवा स्वतःच तापते. माझ्या शिष्याने जोर वाढवला, रेडिएटर जुनाच ठेवला!

भवानीनगर जवळ आले आणि काटा तांबड्यावर गेला. एंजिन बंद करून तो झाकणाला हात घालणार, तोच गुऱ्हाळावर हयात घालवलेला एक म्हातारा ओरडला, “पोरा, काहील उतू चालली तर आधी जाळ ओढतात, हात घालत नाहीत!”

म्हातारा शास्त्रच बोलला. झाकणाखाली एक वायुमंडल दाब जास्त असेल, तर पाणी शंभराऐवजी सुमारे १२० अंशांवर उकळते. झाकण काढले, की दाब जातो आणि उकळते पाणी तोंडावर उसळते.

तासभर आम्ही बांधावर बसलो. ट्रॅक्टरवर कर्ज, तोडणीच्या टोळीला दिलेली उचल. हेड वाकले असते तर हंगामच बुडाला असता. तो एक शब्द बोलला नाही. एंजिन निवल्यावर पाहिले, तर रेडिएटरची जाळी पाचटाने आणि धुळीने बुजलेली!

पुढे त्याने पंप कमी केला, मोठा रेडिएटर आणि हवा निववणारा इंटरकूलर बसवला. हंगाम निभावला.

यंदा खंडेनवमीला त्याच्याकडे गेलो. ट्रॅक्टरला झेंडूची माळ होती. पण समोरच्या जाळीवर नव्हे, बाजूच्या दिव्यांना.

“सर, वारा अडायला नको,” तो म्हणाला.