डाव्या हाताचं काम

पेटीवाल्याच्या डाव्या हाताकडे कुणी बघत नाही. लोकांचे डोळे उजव्या हाताच्या बोटांवर. डावा आपला मागच्या भात्यावर हवा देत बसलेला. सांगोल्यात आमच्या घरी साडेतीन सप्तकांची पेटी होती. एकादशीच्या भजनाला वडील ती वाजवायचे. मला त्यांनी पट्ट्यांच्या आधी भाता शिकवला. बुवांनी अभंगाची ओळ उचलली की भाता हलका, टाळकऱ्यांनी ती झेलली की भरदार. "हवा भरलेली कुणाला कळता कामा नये," एवढंच त्यांचं शास्त्र. बुवा काळी चारमध्ये गाणार म्हटलं की पखवाजवाला गट्टे ठोकून शाई मिळवून घ्यायचा, धुमेला ओली कणीक थापायचा, आणि तोवर पेटीनं सूर धरून ठेवायचा. ते धरून ठेवणं डाव्याच हाताचं.

हार्मोनियमचं पेटंट पॅरिसच्या अलेक्झांडर डेबँ यांनी 1842 मध्ये घेतलं. त्या बाजाला पायानं भाता मारायचा असे आणि वाजवणारा खुर्चीवर. आपलं गाणं मांडी घालून बसणारं. कोलकात्याच्या द्वारकानाथ घोष यांनी पायभाता काढून हातभात्याची सुटसुटीत पेटी घडवली, आणि ती कीर्तनात, नाटकात, तमाशात सगळीकडे शिरली. मात्र डावा हात हवेला जुंपला गेल्यामुळे स्वरांचा सगळा कारभार उजव्याकडे आला.

पेटीला मींड येत नाही, ही जुनी तक्रार. दोन पट्ट्यांच्या मधला स्वर तिच्यात नाहीच. इतर कारणांबरोबर याही कारणानं आकाशवाणीनं 1940 मध्ये पेटीला दार बंद केलं, ते पुढे 1971 मध्ये थोडं किलकिलं झालं. आमच्या मंडळातल्या म्हाताऱ्यांना ही बंदी ठाऊकही नव्हती. गळ्यानं मींड घ्यायची, पेटीनं तिच्या दोन्ही टोकांना उभं राहायचं, अशी त्यांनी वाटणी करून टाकली होती.

मी हायस्कुलात असताना मुंबईच्या मामांनी छोटा कॅसिओ आणला. गणकयंत्रं करणाऱ्या या जपानी कंपनीनं 1980 मध्ये 'कॅसिओटोन 201' काढून वाद्यांच्या धंद्यात पाऊल टाकलं होतं. आमच्याकडे मग कुठल्याही कंपनीचा कीबोर्ड कॅसिओच झाला. मामांच्या त्या बाजाच्या पट्ट्या बारक्या. मोठ्या माणसाचं बोट एका वेळी दोन स्वर दाबायचं. पण त्यात व्हायोलिन होतं, बासरी होती, आणि बटण दाबलं की ढोलकीसारखं काहीतरी वाजायचं. गल्लीतली पोरं खिडकीत जमायची. भाता नव्हता. डाव्या हातानं ताल सुरू करायचा आणि एक पट्टी दाबून ठेवायची. बास, कॉर्ड सगळं यंत्रच लावून द्यायचं. डावा हात बसून पगार खाणाऱ्या बाबूसारखा झाला.

वडिलांनी एकदा तो वाजवून पाहिला. उजव्या हातानं अभंगाची चाल लावली आणि डावा हात नकळत मागे भाता शोधत गेला. मग म्हणाले, "ह्यात मी जोरात दाबलं काय अन् हळू दाबलं काय, ह्याला काय फरक पडतोय?"

पुढे लग्नसराईत एका ऑर्केस्ट्रात मी उभा राहू लागलो, तेव्हा स्वतःच्या पैशानं बाजा घ्यायची वेळ आली. त्या वेळी वडिलांचा तो प्रश्न कामाला आला. दुकानदार टोन किती, ताल किती याचे आकडे सांगत होता. मी एकच पट्टी आधी हलकी दाबली, मग जोरात. आवाज तेवढाच आला की पुढचा बाजा. हा गुण 'टच रिस्पॉन्स' नावानं मिळतो, आणि स्वस्तातल्या बाजांत तो बऱ्याचदा नसतो. टच नसलेल्या बाजावर बोटांना हलकं-भारी कळत नाही, म्हणजे रियाज केला काय न केला काय सारखंच. दुसरी परीक्षा पट्ट्यांच्या रुंदीची, तिसरी 'पॉलिफोनी'ची: सस्टेन लावून एकावर एक स्वर चढवत जायचे आणि आधीचे कुठे तुटतात ते ऐकायचं. एकसष्ट पट्ट्या, म्हणजे पाच सप्तकं, आपल्या गाण्याला भरपूर होतात.

हे झालं घरच्या रियाजाचं. मांडवातला हिशोब निराळा. तिथे बाजाचे स्वतःचे स्पीकर कुणाला ऐकू जात नाहीत. मिक्सरला जोडायची सोय धड हवी. रोलँडचा 'एक्सपीएस-10' कितीतरी ऑर्केस्ट्रांत दिसतो, त्याला स्पीकरच नाहीत. गायकानं ऐनवेळी सूर बदलला तर 'ट्रान्सपोज' अंधारात बोटानं सापडलं पाहिजे. उन्हाळ्यात आमच्याकडची धूळ पट्ट्यांच्या फटीत शिरते, म्हणून झाकायला कापड आणि जनरेटर बंद पडला तर सेलवर चालायची सोय, या गोष्टी मला शंभर टोनांपेक्षा मोलाच्या वाटतात.

आणि वरातीत नागीण वाजवावीच लागते. 1954 च्या 'नागिन'मधली बीन मुळात पुंगी नव्हेच. संगीतकार हेमंतकुमार यांच्यासाठी कल्याणजींनी ती क्लॅव्हियोलिनवर वाजवली होती. एका वेळी एकच स्वर काढणारा, 1947 च्या सुमाराचा हा फ्रेंच विजेचा बाजा. म्हणजे गावोगावच्या वराती ज्या सुरावर लोळण घेतात, तो सिंथेसायझरच्या पूर्वजाचा आहे. नुसत्या पट्ट्यांवर ती धून वाजवली तर शाळेतल्या प्रार्थनेसारखी सरळसोट येते, नाचणारा जमिनीवर उतरत नाही.

बाजाच्या डाव्या कडेला एक चाक असतं, 'पिच बेंड'. उजव्या बोटानं पट्टी धरून ठेवायची आणि डाव्या अंगठ्यानं चाक पुढे रेटायचं. स्वर चढत जातो, सहसा एका पूर्ण स्वरापर्यंत, आणि अंगठा सोडला की चाक आपोआप मधोमध येऊन थांबतं. पहिल्यांदा ते फिरवलं तेव्हा कोमल गांधाराकडून शुद्धाकडे जाताना मधली सगळी वाट कानावर पडली. पेटीवर जे वाजवता येत नाही म्हणून रेडिओनं नाक मुरडलं, ते इथे अंगठ्याखाली होतं. पण त्यालाही भात्याचाच नियम लागू: कुठे रेटायचं आणि किती हळू सोडायचं हे चाक सांगत नाही. ज्यांनी पेटी वाजवली आहे त्यांचा अंगठा लवकर तयार होतो, असं मी पाहिलंय. कमी किमतीच्या पुष्कळ बाजांत हे चाक नसतंच, आणि जाहिरातीत त्याचा उल्लेखही नसतो.

आता आईबाप पोरांना घेऊन विचारायला येतात. डाळिंबाचे पैसे हातात आले की बाजा घ्यायचा असतो. मी सांगतो, खेळण्यातला नको. पूर्ण रुंदीच्या पट्ट्या आणि टच असलेला घ्या, नवा परवडत नसेल तर वापरलेला बघा. शास्त्रीय गाणं शिकणार असेल तर यामाहाच्या 'आय' मालिकेत तबला-तानपुऱ्यासह रियाजाची सोय मिळते. कार्यक्रमात वाजवणार असेल तर चाक असलेला घ्या, पैसे थोडे थांबून जमवा. घरात जुनी पेटी असेल तर ती मोडीत काढू नका. मिरजेला नेऊन सूर लावून आणा आणि पोराला आधी सहा महिने भाता मारू द्या.

परवा एका मुलीचे वडील सगळं ऐकून घेऊन म्हणाले, "सर, दुकानदार म्हणतोय ह्यात सहाशे आवाज हायत. पोरीला किती लागतील?"

"लग्नात चार," मी म्हणालो. "भजनात एक."


"मग बाकीच्यांचे पैसे कमी करतोय का विचारतो," म्हणत ते फोन काढून दुकानदाराला लावू लागले.