खाजकुइली

कोकणातल्या आमच्या शाळेत माझे थोरले बंधू अण्णा एका विद्येबद्दल कुप्रसिद्ध होते. खाजकुइलीच्या शेंगांवरची लव पानात झेलून आणायची आणि नेमकी आपल्या शत्रूच्या बाकावर पसरायची! हात कसा स्थिर! त्याच हाताला आज सहा वर्षे कंप आहे. गेल्या दिवाळीत पणतीत तेल घालताना निम्मे अंगणातच सांडले.

डॉक्टर या दुखण्याला पार्किन्सन म्हणतात, वैद्य कंपवात. अण्णांना दुसरे नाव अधिक घरचे वाटले असावे. एके दिवशी त्यांनी गुपचूप मला एक पुडी दाखवली. कवचबीजाचे चूर्ण, म्हणजे आमची जुनी खाजकुइलीच की! मी हसलो. पण हसण्यासारखे त्यात काही नव्हते. १९३७ साली दामोदरन आणि रामस्वामी या संशोधकांनी याच बियांतून लेव्होडोपा वेगळे काढले होते. अण्णांच्या गोळीतले मुख्य औषध तेच.

मी डॉक्टरांना सांगून टाकले. ते म्हणाले, "तोच तर धोका. गोळीही आणि पुडीही! मग पोटात औषध किती गेले, हे मोजायचे कोणी?" पुडी बंद झाली. अण्णा चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

डॉक्टरांनी पोटाचीही चौकशी केली, तेव्हा मात्र मी ओशाळलो. हात कापू लागण्याआधी कित्येक वर्षे अण्णांना मलावरोध होता आणि त्यांची सकाळची 'तपश्चर्या' हा आमच्या घरचा हुकमी विनोद होता! जेम्स पार्किन्सनने १८१७ सालच्या आपल्या निबंधात मलावरोधाची नोंद केलीच होती. आतड्यातला एक जिवाणू लेव्होडोपा मेंदूकडे पोचण्याआधीच फस्त करू शकतो, हे २०१९ साली उजेडात आले. जिवाणू घातलेल्या आंबवलेल्या दुधाने अशा रुग्णांचा मलावरोध काहीसा हटल्याचेही दिसले आहे. म्हणून ताकाने कंप जातो असे मात्र कोणी समजू नये. आणि पोट साफ नसलेल्या प्रत्येकाने आपला हात न्याहाळत बसू नये!

यंदा पणत्यांत तेल मी घातले, वाती अण्णांनी लावल्या. काडी हलत होती. पण एकही वात राहिली नाही. दमून मी ओटीवरच्या बाकाकडे वळलो, तोच मागून आवाज आला,

"अरे, बाक पाहून बस हो!"

इतक्या वर्षांनीही मी हात फिरवून पाहिला.