रिकामी लेन आणि माझी वही

पुण्यात आमच्या भागातल्या सोसायट्यांच्या फेडरेशनची बैठक होती. बीआरटी आपल्या रस्त्यापर्यंत वाढवायला पाठिंबा द्यायचा की विरोध करायचा, एवढाच विषय. इतिवृत्त लिहिणारे गृहस्थ मुंजीला गावी गेलेले आणि माझं अक्षर बरं आहे अशी अफवा कुणीतरी पूर्वीच पसरवलेली, म्हणून वही माझ्याकडे आली. पाचेक मिनिटांत लक्षात आलं, की बीआरटी या तीन अक्षरांची फोडसुद्धा मला येत नाही. शेजारी बसलेल्या कॉलेजातल्या मुलीला हळूच विचारलं. "बस रॅपिड ट्रान्झिट, काका. बससाठी वेगळी लेन," ती म्हणाली. मी वहीत लिहिलं, 'बसचे त्वरेने मार्गस्थ होणे'. तिनं वाचलं आणि खिडकीबाहेर बघून हसली.

मग जुंपली. किराणा दुकानदाराचं म्हणणं, "दारात दोन मिनिटं गाडी लावता आली नाही, तर गिऱ्हाईक पुढच्या चौकात जातं." एका आजोबांना काळजी वेगळीच होती. थांबा रस्त्याच्या मधोमध, म्हणजे काठी टेकत अर्धा रस्ता ओलांडायचा आणि उतरल्यावर उरलेला अर्धा. आयटीतला एक तरुण म्हणाला, "नगर रस्त्यावरची लेन उखडून टाकली, आणि आपण नवी मागतोय?" मागून आवाज आला, "मेट्रो येतेय की!" कामाला चार घरी जाणाऱ्या एक ताई दाराशी उभ्या होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "लेन कुठूनबी जाऊ द्या, सकाळी सहाला बस पायजे." शेवटी मी इतिवृत्त वाचून दाखवलं, तेव्हा दुकानदार उठून उभा राहिला. मी त्याला समर्थकांत टाकलं होतं.

ही अब्रू सावरायची म्हणून घरी येऊन वाचायला बसलो. मला वाटायचं, हे सगळं अहमदाबादचं. त्यांचा जनमार्ग सुरू झाला 2009 मध्ये, आणि पुण्यात सातारा रस्ता आणि हडपसरकडचा प्रयोग झाला 2006 च्या डिसेंबरात. म्हणजे आपणच आधी! ही बातमी बायकोला सांगायला स्वयंपाकघरात गेलो. परत येऊन पुढचं पान वाचलं, तर ब्राझीलमधल्या कुरितिबा शहरानं बससाठी वेगळा रस्ता 1974 मध्येच काढलेला. कोलंबियातल्या बोगोताचं ट्रान्समिलेनियो 2000 चं. दिल्लीनं 2008 मध्ये साडेपाच-सहा किलोमीटरची लेन केली, मोटारवाल्यांनी ती शिव्यांनी न्हाऊ घातली, आणि काही वर्षांतच सरकारनं मोडून टाकली. आपल्याकडे 2015 पासून 'रेनबो' या नावानं नव्यानं मांडणी झाली. स्वयंपाकघरात जाऊन मला पहिलं विधान मागे घ्यावं लागलं.

वाचून काही कळेना, म्हणून सांगवी ते किवळे मार्गावर प्रत्यक्ष बसून पाहायचं ठरवलं. दुचाकीवरून हा रस्ता शंभरदा गेलोय, बसनं कधीच नाही. थांब्यात शिरलो तेव्हा पहिलं नवल वाटलं ते उंचीचं. फलाट आणि बसची जमीन जवळजवळ एका पातळीत, त्यामुळे चढायला पायऱ्याच नाहीत. गुडघे धरून चढणाऱ्या माणसाला यात काय सुख आहे, हे माझ्या पुढच्या आजींच्या चेहऱ्यावर दिसलं. आत जाऊन मी सवयीनं डाव्या दाराशी उभा राहिलो, म्हणजे डांगे चौक आला की पटकन उतरता येईल. डांगे चौक आला. माझ्या पाठीमागे उजवीकडचं दार उघडलं, लोक उतरले, चढले, दार मिटलं. कंडक्टर म्हणाले, "साहेब, थांबा मधे आहे, तर दार कुठं उघडणार?" पुढच्या थांब्यावर उतरून उन्हातून चालत मागे आलो.

पण या चालण्यानं कामाची गोष्ट दिली. बाजूच्या लेनमध्ये मोटारी एकमेकींना चिकटून उभ्या, आणि बसची लेन मोकळी. पाहणाऱ्याच्या मनात लगेच येतं, केवढी जागा फुकट! बैठकीतही हा मुद्दा सगळ्यांत जोरात मांडला गेला होता आणि मी त्याच्याखाली रेघ ओढली होती. घरी येऊन हिशेब मांडला. शहरात सिग्नलवर थांबत थांबत एका लेनमधून तासाला फार तर सहा-सातशे मोटारी निघतात. एकीत सरासरी दीड माणूस धरला, तर साधारण हजार माणसं. दर मिनिटाला साठ माणसं भरलेली एक बस आली, तर तासाला छत्तीसशे. आणि दोन बसच्या मधल्या मिनिटभरात लेन रिकामीच दिसणार! एका तासात एका दिशेनं जाणाऱ्या प्रवाशांच्या या आकड्याला तज्ज्ञ पीपीएचपीडी म्हणतात. मी त्याचं केलं 'दर तासाला, दर दिशेला, दर डोई', आणि त्यातलं 'दर डोई' चूक आहे हे त्या मुलीनं फोनवर सांगितलं. बोगोतात हा आकडा चाळीस हजारांच्या वर गेलेला आहे, कारण तिथं थांब्यावर उभ्या बसला ओलांडायला आणखी एक लेन ठेवली आहे.

पुढच्या बैठकीला मी हा हिशेब घेऊन गेलो. इतिवृत्तलेखकानं बोलायचं नसतं, तरी बोललो. छत्तीसशे म्हटल्यावर सभागृह शांत झालं आणि मला क्षणभर विद्वान झाल्यासारखं वाटलं. मग दुकानदार म्हणाला, "दर मिनिटाला बस? दहा मिनिटांनी आली तर किती होतात?" मी वहीत भागाकार केला. तीनशे साठ. म्हणजे मोटारवाले जिंकले.

माझ्या मते त्या दिवशी खरा प्रश्न त्यानंच विचारला. बरोबरी करायची तर तासाला सतरा बस लागतात, साधारण साडेतीन मिनिटांना एक. तीही मोटारींशी बरोबरी. ती मुलगी म्हणाली, आपल्या रस्त्यावर दुचाकी जास्त, त्या कमी जागेत जास्त माणसं नेतात, तेव्हा बस आणखी वरचेवर हवी. केंद्र सरकारच्या निकषांत चांगल्या सेवेसाठी लाखामागे साठ बस धरल्या आहेत. पुणे आणि पिंपरी-चिंचवड मिळून आपण त्याच्या निम्म्याच्या आसपास घुटमळतो. एवढ्यावर लेन वाढवली, तर ती रिकामी दिसेल आणि खरोखरच रिकामी असेल. मग दुचाकी घुसणार, शिट्टी मारून मारून वॉर्डन थकणार, आणि पुढे कुणीतरी म्हणणार, उखडा. उलट बस वाढवल्या आणि लेन दिली नाही, तर त्या मोटारींच्याच रांगेत उभ्या राहणार. मेट्रोचं म्हणाल तर पुण्याच्या पहिल्या टप्प्याचा खर्चच 11,420 कोटींचा होता. ती प्रत्येक उपनगराच्या दारात कधी येणार? तिच्या स्टेशनापर्यंत जायलाही बसच लागते.

आजोबांचा प्रश्न मात्र कुठल्याच हिशेबात बसला नाही. मधल्या थांब्यावर जायचं तर पादचाऱ्याला स्वतःचा सिग्नल हवा, आणि तो वाहनवाल्यांनी पाळायला हवा. यावर सभागृहात कुणीही विरोधात बोललं नाही. कुणी फारसं बाजूनंही बोललं नाही. पुढचा मुद्दा लगेच पार्किंगचा निघाला.

फेडरेशननं ठराव केलाच नाही, ज्यानं त्यानं आपापलं म्हणणं महापालिकेत लेखी द्यावं असं ठरलं. मी दोन पानं लिहिली: आधी बस वाढवा, मग लेन, लेन अर्धवट सोडू नका, रस्ता ओलांडण्याची सोय थांब्याच्या आधी करा, सकाळी सहाची बस चुकवू नका. खिडकीवरच्या बाईंनी कागद उलटसुलट पाहिला.

"हरकत आहे का सूचना?"

"थोडी हरकत, थोडी सूचना."

"मग दोन वेगळे अर्ज. प्रत्येकी दोन प्रती," त्या म्हणाल्या. "आणि झेरॉक्सवाला जेवायला गेलाय."

कोपऱ्यातल्या बाकावर बसून मी सूचनांमधून हरकती वेगळ्या काढायला लागलो.