दोन गाइड, दोन पाऊस

आयआयटी बॉम्बे आणि ऑस्ट्रेलियातलं मोनॅश विद्यापीठ यांनी 2008 साली पवईत संयुक्त संशोधन अकादमी सुरू केली. पीएच.डी.साठी तिथे गाइड दोन, एक पवईचे, एक मेलबर्नचे. मधला काही काळ मेलबर्नला जायचं, आणि शेवटी दोन्ही संस्थांची मिळून एकच पदवी.

माझा विषय होता रस्त्यावरून वाहणारं पावसाचं पाणी वाळू-झाडांच्या वाफ्यात गाळण्याचा. मेलबर्नमध्ये असे वाफे ठिकठिकाणी आहेत. तिथे वर्षाला सुमारे 650 मिलिमीटर पाऊस, तोही बारा महिन्यांत विखुरलेला. तिथल्या मॅडमना चिंता नायट्रोजनची, कारण ते पाणी शेवटी पोर्ट फिलिप उपसागरात जातं आणि नायट्रोजन वाढला की शेवाळ माजतं. पवईच्या सरांनी पहिल्याच बैठकीत विचारलं, "आणि जुलैत काय करशील?" मुंबईत चार महिन्यांत 2,000 मिलिमीटरहून जास्त पाऊस, पुढे आठ महिने जवळपास कोरडे. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर कोसळला. मेलबर्नला सरासरी वर्षभरातही एवढा पडत नाही.

सर म्हणायचे, वाळू जाड घे, पाणी तुंबता कामा नये. मॅडम म्हणायच्या, पाणी इतक्या झपाट्याने गेलं तर नायट्रोजन निघणार कसा? दोघंही बरोबर होते, आणि मला त्याचाच राग यायचा. आमच्या ऑनलाइन बैठका पवईच्या सकाळी, म्हणजे मेलबर्नच्या दुपारी व्हायच्या. मी मुकाट्याने दोघांचं लिहून घ्यायचे. मग एकदा धीर करून म्हटलं, वरची वाळू सरांची ठेवू, तळाचा थर मॅडमचा: लाकडाचा भुसा मिसळलेला, कायम पाण्याखाली. तिथे प्राणवायू नसल्याने जिवाणू नायट्रेटचा वायू करतात, आणि तेच पाणी उन्हाळ्यात मुळांना पुरतं. प्रयोगाच्या कुंड्यांत मेलबर्नच्या गवताऐवजी मी वाळा लावला. तो मेपर्यंत हिरवा राहिला. सर स्वतः येऊन कुंड्या बघून गेले.

ऑस्ट्रेलियात परंपरेने प्रबंधाचा निकाल परीक्षकांच्या लेखी अहवालांवर लागतो. आपल्याकडे सर्वांसमोर तोंडी परीक्षा. तिची मला फार धास्ती होती. पण समोरचे सगळे प्रश्न त्या बैठकांमध्ये आधीच विचारून झालेले होते.

आता प्रवेशासाठी येणारी मुलं मला मेलबर्नच्या मुक्कामाबद्दल विचारतात. मी त्यांना आधी दोन्ही गाइडचे शोधनिबंध वाचायला लावते.